आमचा डावा कान

जबलपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला नोकरीखेरीज आणखी एक काम आपोआप चिकटते. ते म्हणजे पाहुण्यांना भेडाघाट दाखविण्याचे. नागपूरचे मावसभाऊ येतात, पुण्याचे मेहुणे येतात, नर्मदेची परिक्रमा करण्याचा संकल्प सोडून निघालेले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे आमच्याच घरी मुक्काम ठोकलेले एखादे काका येतात. या सर्वांना घेऊन आम्ही शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवरच्या त्या संगमरवरी खडकांच्या गावी जातो, चौसष्ट योगिनींच्या टेकडीच्या पायऱ्या चढतो, नावेत बसतो आणि शेवटी धुवाँधार धबधब्याकडे वळतो.

धुवाँधाराचे वैशिष्ट्य असे की, तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांना भेटतो. वाटेवर संगमरवराच्या मूर्ती विकणाऱ्यांची दुकाने असतात, तेथे पाहुण्यांची घासाघीस चाललेली असते, आणि त्या सगळ्या गलक्याच्या पाठीमागून पाण्याचा एक सलग, भरदार घोष हळूहळू पुढे येऊ लागतो. पाहुणे हातातली मूर्ती खाली ठेवून विचारतात, "कुठल्या बाजूला हो?" आणि आम्ही, जणू काही तो धबधबा आमच्याच कार्यालयाने बांधला आहे अशा ऐटीत, हात करून दाखवितो.

२०२४ च्या दिवाळीनंतर पाहुण्यांबरोबर गेलो, तेव्हा त्याच वाटेवर आम्ही थबकलो. घोष पूर्वीसारखाच होता. पण त्याला बाजू उरली नव्हती. तो दुकानांतून येत होता, आभाळातून येत होता, आमच्या स्वतःच्या डोक्यातूनही येत होता. वाट पायांना ठाऊक होती म्हणून पाहुण्यांसमोर फजिती झाली नाही, इतकेच. याचे कारण आमचा डावा कान. तो त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, एका रात्रीत, आम्हांला सोडून गेला होता.

हकिकत साधी आहे. फेब्रुवारी सरता सरता आमच्या सहा वर्षांच्या मुलीचा गाल सुजला. शेजारच्या बाईंनी दारातूनच पाहून निदान केले, "कनफेड़ है." आमच्याकडे त्याला गालगुंड म्हणतात, कोणी गालफुगी म्हणतात. लेप झाले, पातळ भात झाला, चार दिवस शाळा बुडाली आणि पाचव्या दिवशी मुलगी अंगणात खेळू लागली. पुढे दोन आठवड्यांनी आमच्या जबड्याखाली तीच सूज आली. पस्तिशी उलटलेल्या माणसाला मुलांचा आजार होणे यात काहीतरी हास्यास्पद आहे असे आम्हांलाही वाटले आणि कार्यालयातही वाटले. पाच दिवसांची रजा टाकून आम्ही घरी पडून राहिलो.

रविवार, १७ मार्च. सूज बरीच उतरली होती. आईचा गावाहून दर रविवारी सकाळी फोन येतो, तसा तो आला. आम्ही सवयीने यंत्र डाव्या कानास लावले. पलीकडे काहीच नव्हते. खरखर नाही, श्वास नाही, काही नाही. "आई, आवाज येत नाही, तिकडे रेंज नसेल," असे म्हणून आम्ही फोन ठेवणार, इतक्यात तो सहज उजव्या कानाकडे गेला आणि आईचा आवाज खणखणीत ऐकू आला, "अरे, मी केव्हाची बोलते आहे!"

आम्ही फोन पुन्हा डावीकडे नेला. आई नाहीशी झाली. उजवीकडे आणला, आई परत आली. डाव्या कानात तेवढी एक बारीक, अखंड शीळ चालली होती. चातुर्मासात रातकिडे ओरडावेत तशी.

यानंतर आम्ही जे केले ते सांगताना संकोच वाटतो. पण लेखाचा सारा हेतूच त्यात आहे. आम्ही काहीही केले नाही. म्हणजे, जे केले ते न करण्यासारखेच होते. मळ साठला असेल म्हणून घरातून लसणीचे कोमट तेल आले. "अहो, डोके कलते ठेवा, आत जाऊ द्या," असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि आम्ही अर्धा तास भिंतीकडे तोंड करून पडलो. मंगळवारी जवळच्या एका डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिले आणि सर्दीने नळी बंद झाली आहे, आठवडाभरात उघडेल, असे सांगितले. हे ऐकून आम्हांला फार बरे वाटले. कारण आम्हांला तेच ऐकायचे होते. मार्चअखेर तोंडावर आली होती. देयके मंजूर व्हायची होती, शिल्लक अनुदाने परत जाण्याच्या बेतात होती. मध्ये होळी आली. एका कानावर सोळा-सतरा दिवस कसे गेले ते कळलेही नाही. अखेर ५ एप्रिलला, शुक्रवारी, आम्ही कानाच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो.

त्यांनी आधी पडदा तपासला. तो स्वच्छ होता. मग एक नादकाटा कोपरावर आपटून त्याचा दांडा आमच्या कपाळाच्या मध्यावर टेकविला आणि आवाज कोणत्या कानात येतो असे विचारले. तो उजव्या कानात येत होता. ही परीक्षा किती सोपी आणि किती निर्णायक आहे हे आम्हांला त्या दिवशी कळले. कान मळाने किंवा सर्दीने नुसता बुजला असेल, तर कपाळावरचा नाद त्या बुजलेल्या कानातच मोठा वाटतो. आत गेलेला नाद चांगल्या कानाकडे पळत असेल, तर दोष दाराशी नसून घरात आहे असे समजावे. वाचकांस याची प्रचिती घेता येईल. एका कानात बोट घालून, ओठ मिटून हुंकार द्यावा. तो बोट घातलेल्या कानातच घुमेल. आम्ही १७ मार्चला असा एक हुंकार दिला असता, तर लसणीचे तेल वाचले असते.

"कब से?" बाईंनी विचारले.

आम्ही बोटांवर मोजून म्हटले, "उन्नीस दिन."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. आम्ही खुलासा केला, "मार्च था." कोणत्याही सरकारी कार्यालयात हा खुलासा पुरेसा मानला गेला असता. त्या खोलीत तो कसा वाटला, हे आम्हांला आमच्या चांगल्या कानाने ऐकू आले.

मग बंद खोलीत यंत्रावर तपासणी झाली. उजव्या कानाची रेघ आलेखाच्या माथ्यावरून सरळ गेली होती. डाव्याची तळाशी पडून होती. मेंदूचा एमआरआय झाला, कानाच्या मज्जातंतूवर गाठ नाही याची खात्री झाली. पडद्यातून आत स्टेरॉइडची इंजेक्शनेही झाली. रेघ जागची हलली नाही.

बाईंनी आम्हांला जे समजावून सांगितले आणि पुढे आम्ही जे वाचले, ते थोडक्यात असे. कानाच्या आत, हाडात कोरलेली, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. आकार वाटाण्याएवढा. तीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात; ध्वनीच्या लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात, आणि त्या हालचालीचा विद्युत्संदेश मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. पक्ष्यांच्या कानांत या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात, हे १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. अंगणातल्या कोंबडीला निसर्गाने जे दिले ते पदवीधर माणसाला दिले नाही.

या शंखात विषाणू शिरला की कान असा एकाएकी जाऊ शकतो. गालगुंडाचा विषाणू या बाबतीत जुना गुन्हेगार आहे. तो बहुधा एकच कान नेतो, आणि नेलेला कान क्वचितच परत करतो. वीस हजार रुग्णांत एखाद्याचा कान जातो असे जुन्या पुस्तकांत असे. पण २००९ साली जपानी डॉक्टरांनी गालगुंड झालेल्या सात हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत हे प्रमाण हजारात एकाच्या जवळपास निघाले. लहान मूल आपला एक कान गेल्याचे सांगत नाही. त्याला ते कळतही नाही. पुष्कळांना ते शाळेतल्या तपासणीत किंवा पहिल्यांदा फोन कानास लावताना कळते. गोवर, नागीण यांचे विषाणूही कानाला अपाय करतात. कोविडच्या साथीतही हे दिसले. लंडनमध्ये अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्या एका ४५ वर्षांच्या गृहस्थांचा एक कान असाच गेल्याची नोंद २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात आली. उपचारांनी त्यांना थोडासा गुण आला. पुढच्या वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी तो विषाणू अंतर्कर्णातील पेशींना ग्रासू शकतो हे प्रयोगशाळेत दाखवून दिले.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशा आकस्मिक बहिरेपणाचे कारण दहांपैकी नऊ रुग्णांत नक्की सापडतच नाही. विषाणू हा त्यांतल्या अनेकांबाबत केवळ संशयित असतो. आणि कारण सापडो न सापडो, उपचार काळावर अवलंबून असतो. बहात्तर तासांच्या आत ऐकणे ठळकपणे खाली आले, तर ती तातडीची बाब समजावी. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक, पुढे पुढे उणा. पुष्कळांचा कान काही अंशी आपोआपही सुधारतो, पण तो कोणाचा सुधारेल हे आधी कोणी सांगू शकत नाही.

मग आमच्या एकोणीस दिवसांचे काय? हा प्रश्न आम्ही बाईंना विचारला. त्या म्हणाल्या की, गालगुंडाने नेलेला कान पहिल्या दिवशी आलात तरी बहुधा परत आला नसता. या 'बहुधा' शब्दावर आम्ही अनेक रात्री काढल्या आहेत. कान गेल्याचे दुःख आता बोथट झाले आहे. परंतु तो जायचाच होता की आम्ही जाऊ दिला, याचा निकाल कोणत्याही आलेखात नाही. फाईलवर 'विलंब क्षमापित' असा शेरा मारण्याचा अधिकार आमच्या वरिष्ठांना आहे. कानाच्या बाबतीत तो अधिकार कोणापाशी आहे ते आम्हांस ठाऊक नाही.

एका कानावर जगणे अवघड नाही, पण त्यात रोजच्या लहानसहान अपमानांचा भरणा फार. आमच्या डाव्या हाताच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यांनी तीनदा हाक मारली, आम्ही मान वर केली नाही. दुपारी डबे उघडताना आम्ही गर्विष्ठ झालो असल्याचा ठराव संमत झाला होता. शांत खोलीत आम्हांला सारे ऐकू येते, म्हणून गलक्यात ऐकू आले नाही म्हटले तर लोकांना ती सबब वाटते. रस्त्यावर कोणी भोंगा वाजविला तर आम्ही चारी बाजूंना पाहतो. कारण आवाज उजवीकडचा असला तर तो डाव्या कानात फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवीत असतो. दुसरा कान नसला की हा हिशेब थांबतो. आंधळ्याच्या हाती काठी असते, लंगड्याच्या पायात लंगडणे असते. एका कानाने बहिऱ्या माणसाजवळ दाखवायला काहीच नसते.

त्या जून महिन्यात वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. सुप्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी १७ जून २०२४ रोजी स्वतः जाहीर केले होते की, काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरून बाहेर येताना त्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले, आणि विषाणूच्या आघातामुळे श्रवणाच्या मज्जातंतूस इजा झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले आहे. ज्यांची गाणी ऐकत आमची पिढी शाळेतून महाविद्यालयात गेली, त्या गळ्याचे कान! त्यांनी हे उघड सांगितले याबद्दल आम्हांला मनापासून कृतज्ञता वाटली. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र आम्ही मुद्दाम डावीकडच्या टेबलावर उघडे ठेवले. सहकाऱ्यांनी ते वाचले, काही बोलले नाहीत. पण त्या दुपारपासून हाक मारायची झाली की ते उठून आमच्या समोर येतात.

आता या पानांच्या वाचकांसाठी दोन शब्द. आपण सारे बदलीचे धनी. परगावी आपल्याला घरचा वैद्य नसतो, "आधी दाखवून ये" म्हणून दटावणारे वडीलधारे नसतात. असतात ती फक्त कामे, आणि ती कधीच संपत नाहीत. दात दुखला तर आपण धावतो, कारण तो दुखतो. कान जाताना दुखत नाही, हीच त्यातली मेख आहे. तेव्हा एखाद्या सकाळी एक कान एकाएकी बंद वाटला, तर तेल तापवू नये. ओठ मिटून हुंकार द्यावा, फोन दोन्ही कानांना लावून पाहावा, आणि हुंकार चांगल्या कानाकडे जात असेल तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. रजेचा अर्ज दोन ओळींचा असतो. घरात लहान मूल असेल, तर त्याच्या डॉक्टरांना गालगुंडाच्या लशीबद्दल विचारावे. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलेली लस गोवर आणि रुबेला यांची होती. तीत गालगुंडाचा अंश नव्हता. आमच्या मुलीचे कार्ड आम्ही व्यवस्थित भरले होते, सर्व चौकटींत तारखा होत्या. चौकट नसलेल्या गोष्टीची चौकशी करावी हे मात्र आम्हांला सुचले नाही.

मुलीची गोष्ट सांगायची राहिली. "बिटिया से ही लग गया होगा," असे शेजारच्या बाई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हते. पण आत कोणाचा तरी पेन्सिलीचा आवाज थांबला. रात्री निजताना ती म्हणाली, "बाबा, तुमचा कान माझ्यामुळे गेला ना?"

आम्ही तिला एका मुलीची गोष्ट सांगितली. १९६३ सालची. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ मॉरिस हिलमन नावाचे एक शास्त्रज्ञ राहत. त्यांची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन रात्री एक वाजता घसा दुखतो म्हणून उठली. वडिलांनी पाहिले, गालगुंड. त्यांनी तिला निजविले, गाडी काढून प्रयोगशाळेत गेले, साहित्य घेऊन परत आले, तिच्या घशातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि तो नेऊन जपून ठेवला. त्या विषाणूला दुबळा करून त्यांनी लस तयार केली. तिला १९६७ साली परवाना मिळाला. धाकट्या मुलीला, किर्स्टनला, ती अगदी आरंभीच टोचण्यात आली; म्हणजे थोरलीच्या आजाराने धाकटीचे रक्षण झाले. विषाणूच्या त्या वाणाला जेरिल लिन हेच नाव आहे, आणि जगभरच्या मुलांना ती लस टोचली गेली आहे. "तेव्हा आजार हा कोणाचा नसतो," आम्ही समारोप केला, "तो तिच्याकडे आला, तुझ्याकडे आला, माझ्याकडे आला. त्यात तुझा काय दोष?"

ती बराच वेळ विचार करीत होती. मग म्हणाली, "ते बाबा रात्रीच गेले?"

"हो, रात्रीच."

"तेव्हा मार्च नव्हता?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. खरे सांगणे भाग होते. "मार्चच होता," आम्ही म्हणालो.

तिने मान डोलावली आणि कूस बदलली. तिचा जीव हलका झाला असावा. कारण लगेच तिला झोप लागली. आम्हांला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दिवाळीनंतर धुवाँधाराच्या त्या वाटेवर आम्ही जेव्हा थबकलो, तेव्हा ती आमच्या डाव्या हाताशी चालत होती. पाहुणे पुढे गेले होते. तिने आमच्या तोंडाकडे पाहिले, मागून वळसा घालून आमच्या उजव्या बाजूला आली, आमचा हात धरून किंचित ओढला आणि म्हणाली, "बाबा, पाणी इकडे आहे."